अडीच वर्षांचा मुलगा आजीला चापट मारतो. न ओरडता शिस्त कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ओरडलात की तो जास्तच मारतो, आणि सासूबाई म्हणतात, "दोन धपाटे घाल, सुतासारखा सरळ येईल." धपाट्यांवर शेवटी बोलते, कारण त्या एका वाक्याचा मला मनापासून राग आहे.

आधी आठवा, त्याने पहिली चापट मारली तेव्हा घरात कोण कोण हसलं? दहा महिन्यांचं बाळ आजीच्या गालावर हात मारतं, "अगं बाई, आजीला मारलंस!" म्हणून सगळं घर खिदळतं आणि गाल पुन्हा पुढे होतो. पुढे पोर पडलं की आपणच फरशीवर फटका मारतो, "हात् रे फरशी, बाळाला लागलं ना!" लागलं की कुणाला तरी मारायचं, हा धडा आपणच दिलेला असतो. हे आजपासून बंद. पडला तर गुडघा चोळायचा, फरशीला काही करायचं नाही.

आता प्रत्यक्ष हात उगारला जातो तेव्हाचं. लांबून, ओट्यापाशी उभं राहून "ए, मारू नकोस" म्हणण्याचा उपयोग शून्य. जवळ जा, गुडघ्यांवर बसा, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर येऊ देत. हात पडायच्या आत मनगट धरा, पण आवळू नका. बोटांचे वळ उठले तर तो मारच झाला. आवाज नेहमीपेक्षा खाली, चेहऱ्यावर हसू नाही, आणि शब्द चारच: "मारायचं नाही. आजीला लागतं." "असं का केलंस?" विचारू नका, त्या "का"चं उत्तर या वयात त्याच्याकडे नसतं.

हात सोडलात की तो तुमच्याकडे बघत पुन्हा उगारेल. हा उद्धटपणा नाही. मघाशी सांगितलेलं आत्ताही खरं आहे का, हे तो तपासतोय. पुन्हा मनगट, पुन्हा तेच चार शब्द. तिसऱ्यांदा मात्र आजींनी शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि तुम्ही त्याच्याजवळ बसायचं. त्याला खोलीत किंवा बाथरूममध्ये कोंडायचं नाही. तो भोकाड पसरेल. पसरू दे. रडणं ऐन भरात असताना समजावलेलं काही आत जात नाही. हुंदके लांबले, श्वास खाली बसला की दोन घोट पाणी, आणि मग दोनच वाक्यं: "गाडी काढून घेतली म्हणून राग आला. राग आला की 'मला दे' म्हणायचं." त्याचा तळवा आजींच्या हातावरून हळूच फिरवून दाखवा. "सॉरी म्हण" म्हणून मागे लागू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मारणं वाढलेलं दिसेल. जुना उपाय चालेनासा झाला म्हणून तो जोर लावतो, आणि बहुतेक घरं इथेच हरतात. घरातल्या सगळ्यांचे शब्द तेच हवेत. रात्री बाबा येऊन हसले की आठवडा वाया. शिवाय तो मारतो ती वेळ लिहून ठेवा. बहुधा जेवणाआधीची किंवा संध्याकाळची निघेल, म्हणजे भूक नाहीतर झोप. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दुपारच्या झोपेसह 11 ते 14 तास सांगते. साडेअकराला झोपून सातला उठणारं पोर दिवसभर किरकिरणारच.

"पोलीसकाका धरून नेतील" हेही नको. उद्या दादर स्टेशनवर हात सुटला तर त्याने पोलिसाकडेच जायचंय.

आता धपाटे. मार बसला की मूल मारणाऱ्यापुरतं थांबतं आणि पाळणाघरात आपल्याहून लहानग्यावर हात टाकतं. "आम्ही मार खाऊनच मोठे झालो" हे खरं, पण तुम्ही मोठे झालात ते आईच्या मायेने. तिचं श्रेय छडीला कशाला? आणि हे परदेशी खूळ असल्याचं कुणी म्हणालं तर सांगा, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या आणि त्यांनी गावच्या, पाड्यावरच्या मुलांना छडीवाचून शिकवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. जे गुरुजींना चालत नाही, ते घरात अडीच वर्षांच्या जिवाला कसं चालेल? सासूबाईंना हे भांडून सांगू नका, पण सांगाच.

हो, एक राहिलं: गॅस, गच्चीचा कठडा, रस्ता इथे आधी खेचा, खुशाल ओरडा, शांतपणा नंतर. एरवी ओरडून गेलात तर "आई ओरडली, चुकलं" म्हणा आणि पुढे चला. रडताना श्वास कोंडून ओठ निळे पडत असतील, किंवा दोन शब्द जोडून अजून बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास कोंडण्यामागे कधी कधी लोहाची कमतरता असते, तर ज्याला बोलून मागता येत नाही तो हातानेच मागतो.