बाबांना बायपास झालीय आणि आम्ही वास्कोत राहतो, तर धुळीचा हार्टवर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की घरात रोज काळी धूळ बसते, डॉक्टरांनी बाबांना चालायला सांगितलंय पण या हवेत पाठवायचं की नाही कळत नाही, आणि धुळीने दमा होतो ते ठीक पण हार्टला काय होणार. मी गोव्यातच साखळी गावात फार्मसी चालवतो, डॉक्टर नाही, तरी माहीत आहे ते सांगतो.

परिणाम होतो. उलट जगभरात बाहेरच्या प्रदूषणामुळे जे लोक दगावतात त्यात हार्ट आणि स्ट्रोकवालेच जास्त, फुप्फुसवाले त्यांच्या मागे.

आता बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कठड्यावर ओलं फडकं फिरवलं की तुमच्याकडे बंदरावरच्या कोळशामुळे काळं होतं, आमच्याकडे खाणीचे ट्रक चालू असले की तांबडं. दिसतं म्हणून आपण त्यालाच घाबरतो, पण जाड धूळ बरीचशी नाकाघशातच अडकते. जास्त वाईट ते पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. कोळशाच्या धुळीतही थोडे असतातच, पण डिझेलचा धूर, जाळलेला कचरा आणि आपण सगळे अंगणात आरामात पेटवतो तो पातेरा (सुका पाला), यात भरपूर. हे थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथे सूज आणतात, मग रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, त्या नीट सैल होत नाहीत, बीपी चढतं आणि रक्ताची गुठळी पटकन होते. वर्षानुवर्षं हे चाललं की ब्लॉकेज वाढतं, आणि आधीच ब्लॉकेज असलेल्याला काही तासांचा दाट धूरसुद्धा अटॅकचं निमित्त होऊ शकतो.

मोबाईलवर एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) हिरवा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका हं. आपल्याकडे १०० पर्यंत 'समाधानकारक' म्हणतात, म्हणजे पीएम २.५ दिवसाच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, आणि डब्ल्यूएचओ २०२१ पासून १५ म्हणतंय!

पण चालणं बंद करू नका, बायपासवाल्याला चालण्याचा फायदा कितीतरी मोठा. फक्त थंडीत पहाटे नको, तेव्हा वारा पडलेला असतो आणि धूर खालीच साचून राहतो. संध्याकाळी समुद्राचा वारा असताना बोगमाळोच्या किनाऱ्यावर वगैरे न्या, ट्रकच्या रस्त्याकडेला नको. घरात केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. शेजारी पातेरा पेटला की खिडक्या लावा (भांडण नंतर करा). मास्क लावायचाच तर नीट बसणारा एन ९५, कापडी काही कामाचा नाही, आणि त्यात धाप लागली तर काढायचा.

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत, बाबा सिगरेट ओढत असतील तर हवेबद्दल बोलण्याआधी ती सोडवा. आणि छातीत दाब, घाम, हात-जबडा दुखणं असं काही झालं तर गॅस म्हणून सोडा पाजत बसू नका, सरळ १०८ लावा, स्वतःच्या गाडीत घालून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला निघू नका, कारण अँब्युलन्समध्ये वाटेतच उपचार सुरू करता येतात.