डोस तोच, खाणं तेच, मग शुगर का बिघडते?

टाइप १ मधुमेहाबद्दल या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: काहीच बदललं नाही, तरी इन्शुलिनचं गणित चुकतंय. बदललेलं काहीतरी असतंच, फक्त ते ताटात असेल असं नाही.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, वजन ४० किलो. दोन वर्षांपूर्वी निदान झालं. दिवाळीपर्यंत दिवसाला २६ युनिट पुरायचे, आता ४४ देऊनही सकाळी २५० च्या पुढे. सासूबाई म्हणतात, गुऱ्हाळावर जाऊन चोरून गूळ खातो. तो रडून नाही म्हणतो. (कागल तालुका)

आधी पोराला घरच्या कोर्टातून सोडवा. या वयात वाढीचं हार्मोन जोरात असतं, झोपेत तर जास्तच, आणि ते इन्शुलिनचं काम अडवतं. लहानपणी किलोमागे दिवसाला साधारण ०.७ ते १ युनिट लागतं. वयात येताना ते १.२ च्याही वर जातं. ४० किलोला ४४ म्हणजे १.१. यात चोरी कुठे दिसते? शिवाय निदानानंतर काही काळ स्वादुपिंड स्वतः थोडं इन्शुलिन बनवत असतं. ते आटलं की बाहेरून जास्त द्यावं लागतं.

तरी दोन गोष्टी पाहा. दोन-तीन रात्री पहाटे तीनला शुगर तपासा; त्या वेळी ती कमी निघाली, तर रात्रीचा डोस वाढवणं धोक्याचं. दुसरं, टोचायच्या जागा बोटांनी चाचपा. दुखत नाही म्हणून मुलं एकाच जागी टोचतात, तिथे चरबीची गाठ होते आणि इन्शुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. गाठ सापडली तर जागा बदला, पण नव्या जागी ४४ चे ४४ देऊ नका. डॉक्टरांना विचारून डोस कमी करा, नाहीतर शुगर धाडकन खाली येईल.

गुळाचं म्हणाल तर, गूळ लागलेल्या बोटाला टोचलं तरी ग्लुकोमीटर खोटा मोठा आकडा दाखवतो. साबणाने हात धुवून पुन्हा बघा. मात्र शुगर चढलेली असताना उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर लगेच कीटोन (इन्शुलिन कमी पडलं की चरबी जळून बनणारी आम्लं) तपासा आणि रात्र असली तरी कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : पाळीआधी चार-पाच दिवस शुगर उतरतच नाही. पाळी सुरू झाली की रात्री ६० वर येते. (राजारामपुरी)

दवाखान्यात हे कुणी विचारत नाही आणि मुली आपणहून सांगत नाहीत. पाळीच्या आधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्यामुळे अनेकींना इन्शुलिन जास्त लागतं. पाळी आली की ते उतरतं आणि वाढवलेला डोस अंगावर येतो. तीन महिने पाळीच्या तारखा शुगरच्या वहीतच लिहा. ती वही दाखवून त्या दिवसांपुरता लांब पल्ल्याच्या इन्शुलिनचा डोस थोडा वाढवून घेता येतो. तो कमी कधी करायचा, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

प्रश्न : इन्शुलिनची बाटली मिळाली नाही म्हणून मेडिकलवाल्याने इन्शुलिन पेनची कार्ट्रिज दिली. नेहमीच्या सिरिंजने काढून नेहमीएवढंच घेतलं, तर दोनदा शुगर ४५ झाली. (गडहिंग्लज)

यात शरीराचा काही दोष नाही. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरलंत की अंगात २५ युनिट जातात. उलट, ४० ची बाटली आणि नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज असेल तर १० ऐवजी ४ च. १०० ची बाटलीही मिळते, म्हणून दर वेळी बाटलीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवा. कार्ट्रिजमधून सिरिंजने काढूच नका.

इन्शुलिन गाडीच्या डिकीत तापलं किंवा फ्रीजरला चिकटून गोठलं, तरी डोस निकामी होतो, आणि बघून ते कळेलच असं नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी बदला. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखी वीज गेली, तर बाटली कोरड्या डब्यात घालून तो मातीच्या ओल्या मडक्यात ठेवा.

प्रश्न : तालमीतून आल्यावर शुगर २२०. चार युनिट घेतो आणि पहाटे घामाघूम होऊन उठतो.

झटापटीच्या मेहनतीत अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत साखर सोडतं. ही वाढ बहुधा तास-दोन तासांत आपोआप ओसरते. पुढे स्नायू रक्तातली साखर ओढून आपली रिकामी कोठारं भरत राहतात, अगदी २४ तासांपर्यंत. म्हणून मेहनतीनंतर लगेच पूर्ण डोस घेऊ नका. किती घ्यायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि झोपण्याआधी शुगर बघा. १५ ग्रॅम ग्लुकोजची पुडी जवळ असू द्या, वस्तादांनाही सांगून ठेवा. शुगर उतरल्यावर बदामाची थंडाई कामाची नाही, तिच्यातली चरबी साखर रक्तात पोचायला वेळ लावते.

प्रश्न : वय ३८, टाइप १ होऊन १८ वर्षं झाली. दोन महिन्यांत डोस ३८ वरून २६ वर आणला, तरी शुगर उतरते. शेजारी म्हणतात, पथ्याचा गुण आला. बरा होतोय का?

नाही. आणि या आनंदात इन्शुलिन बंद तर अजिबात करू नका. इतक्या वर्षांनी गरज अशी घटली, तर मला डोस वाढण्यापेक्षा जास्त काळजी वाटते. मूत्रपिंड मंदावलं की इन्शुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघा. थायरॉइड मंदावला तरी गरज कमी होते, टीएसएच ही त्याची रक्ततपासणी करा. सिलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं खराब होतं आणि अन्न नीट शोषलं जात नाही. पोट बिघडणं, रक्त कमी असणं ही त्याची खूण, पण कधी तीही नसते.

वजन घटतंय, उठताना चक्कर येते, कातडी काळवंडतेय, मीठ खावंसं वाटतं, असं असेल तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या) मंदावल्याचा विचार आधी हवा. तो आजार दुर्मीळ, पण टाइप १ वाल्यांत इतरांपेक्षा जास्त दिसतो आणि जिवावर बेतू शकतो. त्यासाठी त्या ग्रंथींच्या कॉर्टिसॉल या हार्मोनची तपासणी सकाळी आठच्या सुमारास करतात, तेव्हा लॅब किती वाजता उघडते ते आदल्या दिवशीच विचारा.