वाचक विचारतात : चिनी पोर्सेलीन, तपकिरीच्या कुप्या आणि कँटनची चित्रं

प्रश्न : निळ्या-पांढऱ्या बरणीच्या बुडाशी कांगशी बादशहाच्या नावाची खूण आहे. म्हणजे बरणी 300 वर्षांपूर्वीची धरायची का?

नाही. खूण सगळ्यात शेवटी वाचावी. कांगशीची कारकीर्द 1662 ते 1722. गंमत अशी, की 1677 मध्ये जिंगदेझेन या पोर्सेलीनच्या भट्ट्यांच्या शहरातल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली होती. त्यामुळे खुद्द त्या काळातल्या पुष्कळ भांड्यांवर आधीच्या मिंग घराण्यातल्या छंगहुआची (1465–1487) खूण सापडते, किंवा नुसतंच निळं दुहेरी वर्तुळ, आत काही नाही. उलट चार अक्षरी कांगशी खुणेच्या बरण्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्यातीसाठी ढिगाने निघाल्या. त्यात फसवणुकीचाच हेतू असे असंही नाही. जुन्या कारागिरीला मान म्हणून नाव घालायची तिथली पद्धतच होती.

बरणी उलटी करा आणि बैठकीची बिनझिलईची कडा बघा. माती घट्ट आणि बारीक हवी, अंगठ्याला खरखरीत लागता कामा नये. झिलई संपते तिथे बहुतेकदा एक बारीक नारिंगी-तपकिरी रेघ असते. मातीतलं लोह भट्टीत तापून ती उमटते. नकली मालात हा रंग वरून फासलेला असतो. ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून बघा. बोळा तपकिरी झाला तर तो निदान भट्टीतला रंग नव्हे.

मग दहापट भिंग घ्या. खऱ्या वापराचे ओरखडे कमी-जास्त खोल आणि वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, तेही भांडं जिथे टेकतं किंवा घासतं तिथेच. पॉलिश पेपरचे ओरखडे ओळीने एका दिशेत जातात. आम्लात बुडवून ‘जुनं’ केलेल्या भांड्याची चकाकी सगळीकडे सारखीच उतरलेली असते. कानाखालच्या खाचेत, जिथे कधी बोटही पोचत नाही, तिथली झिलईसुद्धा मंद दिसली तर ते भांडं बाजूला ठेवा.

आणखी दोन खुणा. सोन्यापासून केलेला गुलाबी मिना 1720 च्या आसपास रुळू लागला. कांगशीची खूण आणि अंगभर गुलाबी फुलं असा मेळ दिसला की सावध व्हावं. बुडाशी रोमन लिपीत ‘चायना’ असेल तर वस्तू बहुधा 1891 नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ते नाव नसल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न : ताटली धड दिसते, पण टिचकी मारली तर बद्द वाजते. का?

बहुधा तडा आहे, किंवा फुटलेला तुकडा बसवून वर रंग दिलाय. ताटली बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकेच वाजवावी. मुठीत धरली तर चांगली ताटलीसुद्धा बद्द वाजते. अंधारात 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की डागडुजीचा रंग आणि डिंक बहुतेकदा झिलईपेक्षा वेगळा उजळतो. तड्यातला काळेपणा काढायला घरचं क्लोरीन ब्लीच वापरू नका. त्याचे क्षार आत राहतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि तडा आणखी फाकतो.

प्रश्न : आतून रंगवलेली तपकिरीची कुपी धुळीने माखली आहे. धुवावी का?

बाहेरून किंचित ओलसर मऊ कापड फिरवा, तेही बूच घट्ट लावून. आत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. आतलं चित्र पाण्यात कालवलेल्या शाईचं आणि रंगांचं असतं, वर झिलईचं संरक्षण नाही. काच किंवा स्फटिक आतून घासून आधी खरखरीत करतात, म्हणजे रंग धरतो. मग वाकड्या टोकाच्या बारीक लेखणीने, तोंडातून आत जाऊन, उलट्या क्रमाने रंगवतात : डोळा, भुवई आधी, चेहऱ्याचा रंग नंतर. पाणी शिरलं तर सगळ्यात आतली बाजू म्हणजे पार्श्वभूमी आधी सुटते.

झोऊ लेयुआन आणि मा शाओश्वान या आतून कुप्या रंगवणाऱ्या नामवंत चित्रकारांच्या सह्या नव्या कुप्यांवरही सर्रास दिसतात. सहीपेक्षा भिंगाखाली चेहऱ्यांकडे बघा. नवख्या हाताच्या रेघा अडखळतात.

अकीकाच्या कुपीची परीक्षा वेगळी. ती आतून किती पोखरली आहे ते बघायचं. उत्तम पोखरलेली कुपी बूच लावून पाण्यात सोडली तर तरंगते. (ही परीक्षा आतून रंगवलेल्या कुपीवर करणारा महाभाग निघू नये.) बुचाला जोडलेला चमचा तळाच्या जवळपास पोचायला हवा. आखूड असेल तर बूच दुसऱ्या कुपीचं.

प्रश्न : कँटनच्या (आजच्या ग्वांगझूच्या) ‘राइस पेपर’वरच्या चित्रांना चिरा पडल्या आहेत. पाणी मारून दाबून सपाट करता येतील?

करू नका, चित्र हातचं जाईल. एक तर तो तांदळाचा कागद नव्हेच. टेट्रापॅनॅक्स नावाच्या झुडपाच्या खोडातला भेंडासारखा पांढरा गर सुरीने गोल फिरवत सोलून काढलेला तो सलग पापुद्रा. म्हणून त्याचे तुकडे लहान असतात आणि कागदासारखे तंतू त्यात दिसत नाहीत. रंग पडला की गर किंचित फुगतो, त्यामुळे फुलपाखराचे पंख मखमली, उठावदार भासतात. दाबलं की त्या पेशी चिरडतात आणि पुन्हा वर येत नाहीत.

चिरा पडण्याचं कारण साधं आहे. हवेतल्या दमटपणाने पापुद्रा पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. चारी कडा रेशमी फितीने पुठ्ठ्याला चिकटवलेल्या, मग आकसायला जागा कुठे? तो मधेच फाटतो. फीत उचकटू नका, चिकटपट्टी लावू नका. चित्र आडवं ठेवा, हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर राखा, प्रकाश 50 लक्सपर्यंत. चौकटीत घालायचं तर आम्लरहित पुठ्ठ्याची जाड खिडकी घ्या, काच रंगाला टेकता कामा नये. फाट जोडायचीच असेल तर काम कागदसंवर्धकाचं.

काळ ठरवताना : हा पापुद्रा साधारण 1820 च्या दशकापासून दिसू लागतो, तेव्हा ‘अठराव्या शतकातलं’ म्हणून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नये. चित्र युरोपीय कागदावर असेल तर उजेडाकडे धरा. जलचिन्हात साल असलं तर चित्र त्या सालाआधीचं असूच शकत नाही. चित्रात कँटनच्या परदेशी वखारी असतील तर लक्षात ठेवा : त्या 1822 मध्ये आणि पुन्हा 1856 मध्ये जळाल्या. दुसऱ्या आगीनंतर तो देखावाच उरला नाही. अर्थात जुन्या चित्रावरून नक्कल कधीही करता येते. लामक्वा या एकोणिसाव्या शतकातल्या कँटनच्या चित्रकाराच्या चित्रशाळेत तर काम वाटून दिलेलं असे, त्यामुळे ‘लामक्वाचं चित्र’ या शब्दांचा अर्थ विक्रेत्याला नीट विचारा.

प्रश्न : चीनमध्ये विकत घेतलेली जुनी वस्तू बाहेर नेता येते का?

2007 च्या नियमांनुसार 1911 पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. बाहेर न्यायला परवानगी मिळालेल्या वस्तूवर तपासणीचा लाल लाखेचा शिक्का असतो. तो खरवडून टाकू नका. आणि कुपी किंवा तिचा चमचा हस्तिदंताचा असेल तर सायटिस कराराचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) निर्बंध वेगळेच लागू होतात. त्या वस्तू सीमा ओलांडण्याआधी दोन्ही देशांचे नियम लेखी विचारून घ्या.