पलीकडच्या छावणीत एक मुक्काम

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री साडेअकराला वाचला आणि झोप उडाली. सिंहगडाची वाट चढताना सोबतच्या मुलानं तुला सांगितलं की तानाजी पडले १६७० साली, आणि ‘सिंहगड’ हे नाव तर १६६३च्या पत्रातच आहे. म्हणजे सिंह गेला म्हणून सिंहगड झाला, ही गोष्टच उरत नाही. आणि तू तर माझ्याकडून नेलेली हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी वाचून रडली होतीस. आता विचारतेस, ‘काका, या कादंबऱ्या वाचून मी स्वतःला फसवतेय का? बंद करू का?’

त्या मुलाचं बरोबर आहे. ते पत्र आहे. पण नाव आधीचं निघालं म्हणून माघ वद्य नवमीच्या रात्री कडा चढून गेलेली माणसं खोटी ठरत नाहीत. तानाजी तिथे पडले, समोरचा मोगलांचा किल्लेदार उदेभानही तिथेच पडला. त्या कादंबरीनं तुला फसवलेलं नाही. तू एकच कादंबरी वाचलीस आणि तिलाच पुरं धरून बसलीस, चूक झाली ती तिथे. ही चूक मी बारा-तेरा वर्षं केली आहे, म्हणून जरा रागानं लिहितोय.

माझं एकच म्हणणं आहे. ऐतिहासिक कादंबरी एकटी वाचू नये. जिच्या छावणीत तू रमलीस, तिच्या पलीकडच्या छावणीत एक मुक्काम केल्याशिवाय त्या काळाबद्दल तोंड उघडू नये.

मी हे कुठे शिकलो ते सांगतो. तेव्हा मी एसटीत कंडक्टर होतो, वय चोवीस. मुक्कामी गाडी असली की रात्री देवळात किंवा गाडीतच पथारी, आणि उशाशी वाचनालयाचं पुस्तक. रणजित देसायांची ‘स्वामी’ मी अशीच वाचली, तीनदा. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं घेणारा, सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयानं जाणारा माधवराव माझ्या डोक्यात घर करून बसला. त्या भरात पेशव्यांच्या विरुद्ध उभा राहिलेला प्रत्येक माणूस मला चोर वाटायला लागला. माझा जोडीदार ड्रायव्हर माणदेशातला होता, यशवंतराव होळकरांचं नाव आलं की स्टिअरिंगवरचा हात कपाळाला लावायचा. मी त्याला म्हणालो, ‘कसला रे तुझा होळकर, पुणं लुटणारा.’ तो काही बोलला नाही. पुढच्या फेरीला त्यानं ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ आणली, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. म्हणाला, ‘वाचा, मग बोला.’

मी ती चार महिने पिशवीत ठेवली आणि न वाचता परत दिली. मुद्दाम. त्यानं विचारलं, ‘कशी वाटली?’ मी म्हणालो, ‘ठीक आहे.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याला कळलं होतं.

‘झुंज’ मी वाचली ती त्यानंतर बारा वर्षांनी. यशवंतरावाचा भाऊ विठोजी, त्याला १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं हत्तीच्या पायी दिलं. हे मला माहीतच नव्हतं. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला, हडपसरच्या रानात होळकरानं शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा मोडल्या. पुण्याची लूट खरी आहे, लोकांचे हाल खरे आहेत, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण जो माणूस भाऊ गमावून पुण्यावर चाललाय, त्याच्या घोड्याशेजारून चालून बघ. पुढे त्यानं इंग्रजांच्या मॉन्सनला पळता भुई थोडी केली आणि शेवटी भानपुऱ्यात तोफा ओततच संपला. पुस्तक मिटलं तेव्हा पहाट झाली होती, आणि मला आधी आठवलं ते वर्तमानपत्राचं कव्हर. जोडीदाराची बदली झाली होती. पत्ता शोधून त्याच्या गावी गेलो तर तो वर्षापूर्वीच गेला होता. त्याच्या बायकोनं चहा दिला. ‘झुंज’बद्दल मी तिला काही बोलू शकलो नाही.

म्हणून सांगतो, पलीकडच्या छावणीत जा. वेळेवर जा.

आता इनामदारांनी काय केलंय ते बघ. ‘झुंज’ होळकराची. ‘मंत्रावेगळा’ त्याच होळकरापुढून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाची, ज्याला आपण शाळेपासून ‘पळपुटा’ म्हणतो. आणि ‘झेप’ त्याच बाजीरावाच्या कारभाऱ्याची, त्रिंबकजी डेंगळ्याची, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा आरोप ज्याच्यावर आला, जो ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला आणि शेवटी चुनारच्या तुरुंगात पडला. एकाच लेखकानं तिन्ही तंबूंत जाऊन रात्र काढली. तिन्ही वाच, एकापाठोपाठ एक, मध्ये दुसरं काही नको. १८१८ साली पेशवाई बुडाली हे परीक्षेपुरतं सगळ्यांना माहीत असतं. ती बुडताना आत बसलेल्या माणसाला कसं वाटलं असेल, याचा विचार तुझ्या मनात या तीन पुस्तकांनंतर यायला लागेल.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ तू कॉलेजात वाचलीस. तुझी ती आवडती, मला ठाऊक आहे. तिच्यात १४ जानेवारी १७६१ची संध्याकाळ होते आणि तुला वाटतं, संपलं. नाही संपलं. सदाशिवरावभाऊंची बायको पार्वतीबाई त्या रणातून जिवंत परत आली आणि नवरा गेलाय हे मानायलाच तयार झाली नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्यानं दरबार हलवला. इनामदारांची ‘शिकस्त’ ही त्या बाईची कादंबरी आहे. तोफांच्या आवाजानंतर घरातली शांतता वाच. लढाई वाचून आपण थकतो आणि थांबतो, ते थांबणं चुकीचं आहे.

रणजित देसायांच्या शिवाजी महाराजांवरच्या ‘श्रीमान योगी’बरोबर इनामदारांची ‘शहेनशाह’ वाच. औरंगजेबाच्या तंबूत जाऊन बसणं मराठी माणसाला जड जातं. मलाही गेलं, दोनदा पुस्तक खाली ठेवलं. पण १६८१ साली दख्खनकडे निघालेला माणूस परत दिल्ली न बघता १७०७ साली नगरला मरतो, आणि त्याला हे करायला लावणारे आपलेच लोक आहेत. त्यांची उंची मला त्या तंबूतून जास्त दिसली. आणि ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं जे लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून जोडलंय, ते वगळू नकोस. सगळे वगळतात. कादंबरी संपल्यावर शांतपणे वाच.

तुझा तो मित्र म्हणेल, मग सरळ कागदच वाचा ना. मलाही लोकांनी हे ऐकवलंय, तोंडावर. एका व्याख्यानानंतर मी प्रश्न विचारला तर व्याख्याते म्हणाले, कादंबऱ्या वाचून आलेल्यांशी मी चर्चा करत नाही. ते मला अजून लागतं. मी मोडी शिकलो नाही, दफ्तरात बसलो नाही, मला दिवसाला तीन फेऱ्या होत्या आणि घरात पाच माणसं. पण इतिहासकार शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक मी कादंबरीमुळेच उघडलं, आणि पुरं केलं. शिवाजी सावंतांची संभाजीराजांवरची ‘छावा’ वाचून झाल्यावर वा. सी. बेंद्र्यांचं १९६०चं संभाजी चरित्र वाचनालयातून काढलं. नाटकांनी बदनाम केलेला राजा बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं कागद उकरून उभा केला होता, सावंतांची कादंबरी त्यानंतर एकोणीस वर्षांनी आली. कागदाचं ऋण मी नाकारत नाही. पण मला कागदापर्यंत कादंबरीनं नेलं, दुसरं कुणी नेलं नाही, आणि हे मी कुणाहीपुढे म्हणेन.

कागद हीसुद्धा एक छावणीच आहे. तिथेही मुक्काम कर. फक्त तिथूनही बाहेर पड.

आणि हो, गो. नी. दांडेकरांच्या शिवकाळावरच्या कादंबऱ्या मी या जोड्यांत धरलेल्या नाहीत. त्या सुट्टीत वाच, गडावर नेऊन वाच. त्यांची भाषा अंगावर ऊन पडल्यासारखी आहे, तिला जोडीची गरज मला कधी भासली नाही. माझा नियम इथे मोडतो हे मला कळतं. मोडू दे.

दिवाळीला येशील तेव्हा ‘झुंज’ तुझ्यासाठी काढून ठेवतो. माझी प्रत मी पुढे विकत घेतली, तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय. चार महिने ठेवलीस तरी चालेल. परत आणशील तेव्हा ‘कशी वाटली’ असं मी विचारणार नाही. विचारीन की हडपसरला जिंकल्यानंतर होळकराला बाजीराव परत हवा होता की नको होता, आणि तुला असं का वाटतं. उत्तर देता आलं नाही तर पुस्तक पुन्हा घेऊन जायचं.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका