वाचकांचे प्रश्न : पाच दिग्गज आणि त्यांचा ‘पहिला’ अल्बम

प्रश्न : गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज व्हॉल्यूम वन’ हा अल्बम ऐकवला. त्यातल्या पाचही कलाकारांचे आडनाव विल्बरी आहे. हे खरोखरच भाऊ आहेत का? आणि इतक्या मुरलेल्या मंडळींच्या अल्बमला ‘पहिला’ कसे म्हणायचे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ते भाऊ नाहीत. जॉर्ज हॅरिसन, जेफ लिन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि बॉब डिलन या पाश्चात्त्य रॉक संगीतातल्या नामवंतांनी गमतीने घेतलेली ती टोपणनावे आहेत. राहिला ‘पहिला’ या शब्दाचा प्रश्न. आपल्याकडे निरनिराळ्या मंडळांतील निवडक कलावंतांना घेऊन संयुक्त दशावतार होतो, तेव्हा त्यातला राजपार्टी (राजाची भूमिका करणारा) आणि स्त्रीपार्टी (स्त्रीची भूमिका करणारा) दोघेही प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असतात. परंतु संवाद उत्स्फूर्त असल्यामुळे कोण कोणाला जागा देणार, हे नाटक उभे राहीपर्यंत कळत नाही. अल्बम पहिला असतो तो या अर्थाने, म्हणजे त्या संचाचा.

या अल्बमची सुरुवात योगायोगाने झाली. एप्रिल १९८८मध्ये हॅरिसन यांना आपल्या एका सिंगलच्या (एकाच मुख्य गाण्याच्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूसाठी एक जादा गाणे हवे होते. डिलन यांच्या मालिबू येथील घरच्या गॅरेजमधील स्टुडिओत पाचही जण जमले आणि तिथल्या एका खोक्यावरच्या ‘हँडल विथ केअर’ (जपून हाताळा) या सूचनेवरून गाण्याला नाव मिळाले. ते मागच्या बाजूला दडवण्यासारखे नाही, असे रेकॉर्ड कंपनीचे मत पडले आणि त्यातूनच पूर्ण अल्बमचा विचार पुढे आला. जूनमध्ये डिलन यांचा दौरा सुरू व्हायचा असल्यामुळे मे महिन्यात, लॉस एंजेलिसमधील संगीतकार डेव्ह स्टुअर्ट यांच्या घरी, साधारण दहा दिवसांत गाणी रचून त्यांचा सांगाडा ध्वनिमुद्रित करण्यात आला. अकूस्टिक गिटार तर सर्वांनी स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून वाजवल्या. ऑक्टोबर १९८८मध्ये अल्बम प्रसिद्ध झाला.

आपण ‘हँडल विथ केअर’ पुन्हा एकदा निवांत ऐकावे. कडवी हॅरिसन यांची आहेत. मध्येच चाल वर चढते तिथे ऑर्बिसन यांचा आवाज येतो, त्यापुढचा भाग डिलन आणि पेटी मिळून गातात, आणि शेवटी डिलन यांचा हार्मोनिका आहे. ज्याला जे शोभते तेवढेच त्याने करावे, हा समजूतदारपणा मला या अल्बमचे खरे बलस्थान वाटतो. हाती वेळ थोडा होता, हे एका अर्थी बरेच झाले. ऑर्बिसन यांचे ६ डिसेंबर १९८८ रोजी निधन झाल्यामुळे हा संच पुढे पाच जणांचा राहिला नाही.

याउलट एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह विनवुड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच या नावाजलेल्या रॉक वादक-गायकांच्या ‘ब्लाइंड फेथ’ या संचावर जन्मापासूनच अपेक्षांचे ओझे होते. अल्बम हाती येण्याआधीच, ७ जून १९६९ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांना प्रचंड जनसमुदायापुढे वाजवावे लागले. ऑगस्टमध्ये आलेला अल्बम ब्रिटन आणि अमेरिका या दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, तरी अमेरिकेच्या दौऱ्यानंतर संच मोडला. त्यातील सहा गाण्यांपैकी शेवटचे पंधरा मिनिटांचे आहे, आणि ते लांबले आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मराठीत असे काही घडले आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ‘संयुक्त मानापमान’ आठवते. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या या प्रयोगात केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी झाले होते. मात्र नाटक १९११पासून रंगभूमीवर होते आणि त्यातली पदे रसिकांना पाठ होती. विल्बरी मंडळींनी नवी गाणी रचली. त्यामुळे ‘संयुक्त मानापमान’ला पदार्पण न म्हणता जुगलबंदी म्हणणे मला अधिक योग्य वाटते.