मावशींचे अठराशे आणि रोबोचे पंचावन्न हजार

प्रश्न: आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला टू बीएचकेमध्ये राहतो. घरात सात वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि एक मांजर आहे. दोघांचे केस आणि रस्त्यांच्या कामांची धूळ, त्यामुळे दोनदा झाडूनही पायाखाली कचकच लागते. सासूबाईंना दमा आहे. ५४,९९९ रुपयांचा रोबो व्हॅक्यूम पाहिलाय. तो स्वतःच कचरा पिशवीत भरतो, फरशीही पुसतो. बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. झाडू-फरशीच्या मावशींना महिना १,८०० देतो. त्यांना बंद केलं तर अडीच वर्षांत पैसे वसूल होतात. दोघांचे मिळून हातात ७४,००० येतात, घराच्या हप्त्यासकट ५८,००० खर्च होतात, ५,००० ची एसआयपी आहे, बँकेत ६०,००० शिल्लक आहेत. घ्यावा का?

उत्तर: ताई, रोबो घ्या. पण हा नको, हप्त्यावर नको, आणि मावशींच्या पगारातून तो वसूल करायचा विचार तर अजिबात नको.

आधी तुमचा अडीच वर्षांचा हिशोब पाहू. त्यात फक्त मशीनची किंमत आहे, ते चालवण्याचा खर्च नाही. मशीन ज्यात जाऊन उभं राहतं आणि जे त्यातला कचरा ओढून घेतं त्या स्टेशनच्या पिशव्या, फिल्टर, बाजूचा ब्रश, पोछ्याची कापडं हे सगळं संपत जातं. कुत्रा-मांजर असलेल्या घरात जरा लवकरच संपतं. मी दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी ५,००० धरतो. बॅटरी लिथियमची असते, रोज चालवली तर तीनेक वर्षांनी दमते. तिचे ४,००० धरू. मशीन पाच वर्षं टिकलं तर एकूण खर्च ७९,०००. मावशींना दिवाळीचा एक पगार धरून वर्षाला २३,४०० जातात, पाच वर्षांचे १,१७,०००. म्हणजे ३८,००० वाचले. पण मशीन तिसऱ्या वर्षाअखेर बंद पडलं तर? तोवर त्यावर ६५,००० गेलेले असतील आणि मावशींचे तीन वर्षांचे होतात ७०,२००. वाचले ५,२००. महिन्याला दीडशे रुपयेही नाहीत.

आणि हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा मशीन मावशींचं सगळं काम करेल. ते करणार नाही. मशीन सोफ्यावर चढत नाही, पलंगावरचे केस काढत नाही, दाराच्या कोपऱ्यातली जळमटं त्याला दिसत नाहीत. बाथरूमच्या दगडी उंबऱ्यापाशी ते थांबतं, कारण बहुतेक मशीन्स दोनेक सेंटिमीटरपेक्षा उंच काही चढत नाहीत. देवघरापुढची रांगोळी मात्र ते इमानेइतबारे साफ करून टाकेल! पोछ्याचं सांगायचं तर लॅबचे केस आणि ओलं कापड एकत्र आलं की फरशीवर लगदा फिरतो. मांजराने कुठे शू केली असेल आणि मशीन त्यावरून गेलं, तर ते घरभर पसरतं. फरशी हातानेच पुसलेली बरी. म्हणून मावशी राहू द्या, पगारही तोच राहू द्या. झाडण्याचा वेळ वाचेल, त्यात सोफा, पलंगाखालचं, खिडक्यांचे गज अशी राहून जाणारी कामं त्यांच्याशी बोलून ठरवा. ज्यांच्या घरात अठराशे ही मोठी रक्कम आहे त्यांचं काम काढून महिना दीडशे रुपये वाचवणं मला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

आता हप्ता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. तेव्हापासून ‘नो-कॉस्ट’ म्हणजे व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत आधी दाखवतात. बँक १५ टक्के दर लावते असं धरलं, तर तुमच्या ४,५८३ च्या हप्त्यांत सुमारे ४,२०० रुपये व्याज आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ७६० रुपये, तुमच्या खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. दुकानदाराला एकच विचारा, ‘रोख दिले तर किती कमी?’ जो आकडा तो सांगेल तेवढी किंमत तुम्ही हप्त्यासाठी मोजताय. आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल आणि एखाद्या महिन्यात त्याचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं. ते फार वाईट.

मला खरी काळजी आहे ती ६०,००० च्या शिल्लकीची. तुमचा महिन्याचा खर्च ५८,०००, म्हणजे ही शिल्लक जेमतेम एका महिन्याची. निदान तीन महिन्यांचे, १,७४,००० तरी हाताशी हवेत. घरात सात वर्षांचा लॅब आहे हेही विसरू नका. त्याला गोचीड ताप आला, कुठे मोजा गिळला आणि ऑपरेशन करावं लागलं, तर डॉक्टरांच्या टेबलावर पैसे तेव्हाच ठेवावे लागतात. बहुतेक घरांत प्राण्यांचा विमा काढलेला नसतो. सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर तेही याच शिल्लकीतून. वर्षभर ४,५८३ चा हप्ता म्हणजे सध्या उरणाऱ्या ११,००० मधला मोठा हिस्सा गेला, आणि ही शिल्लक तेवढी हळू वाढणार.

म्हणून मी असं करेन. पहिल्या महिन्याच्या ११,००० मधून साधारण ७,००० त नळीचा साधा व्हॅक्यूम क्लीनर आणि लॅबच्या आतल्या लवेसाठीचा चांगला कंगवा घ्या. रोज दहा मिनिटं गॅलरीत त्याला विंचरा. जो केस कंगव्यात अडकला तो सोफ्यावर पडत नाही; इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. दम्याच्या दृष्टीने तर हे रोबोपेक्षा महत्त्वाचं. ॲलर्जी मुळात केसांची नसते. प्राण्याच्या त्वचेचा कोंडा, लाळ आणि लघवीतल्या प्रथिनांमुळे ती होते, आणि ती प्रथिनं गाद्या, पडदे, उशांत साठतात. तिथे नळीच लागते. सासूबाईंच्या खोलीत लॅब आणि मांजर दोघांना शक्यतो जाऊ देऊ नका.

त्या महिन्यात उरलेले ४,००० शिल्लकीत टाका. दुसऱ्या महिन्यापासून सहा महिन्यांची ४,००० ची आरडी लावा, उरलेले ७,००० शिल्लकीत टाका. सात महिन्यांनी २४,००० आणि वर थोडं व्याज रोबोसाठी तयार असेल, आणि शिल्लक १,०६,००० वर गेलेली असेल. मधल्या काळात कंगवा आणि नळीनेच भागलं, तर ते २४,००० ही शिल्लकीत जातील. मला आनंद होईल, पण तुम्हाला रोबो हवाच असेल तर त्यात चूक काही नाही. रोजची कंबरदुखी कमी होणं यालाही किंमत असते. फक्त तो खर्च आहे हे मान्य करून घ्या, बचत म्हणून नको.

पंचवीस हजारांच्या आत लेझरने घराचा नकाशा काढणारी मशीन्स मिळतात. कचरा ओढणाऱ्या स्टेशनचे पैसे वाचवा. मशीनमधली कचऱ्याची डबी रोज हाताने रिकामी करा. लॅबच्या लवेचे गोळे स्टेशनच्या वाटेत अडकतात, शिवाय ते ओढताना होणाऱ्या आवाजाने मांजर बिथरतं. डबी रिकामी करायचं काम सासूबाईंना देऊ नका, ते गॅलरीत आणि दुसऱ्या कोणीतरी करावं. मुख्य ब्रश रबराचा पाहा, केसाळ ब्रशला केस घट्ट गुंडाळतात आणि मग कात्री घेऊन बसावं लागतं. फिल्टर हेपा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा हवा. मशीनची ओढ किती ते पास्कलमध्ये सांगतात, त्या मोठमोठ्या आकड्यांनी भुलू नका. आपल्याकडे टाइल्स असतात, जाड गालिचे नाहीत. टाइलवरचा केस उचलायला दहा हजार पास्कल लागत नाहीत. शी ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचेही जादा पैसे नकोत, मशीन घरात कोणी जागं असतानाच लावा म्हणजे झालं.

कंपनी निवडताना एक उदाहरण लक्षात ठेवा. २००२ मध्ये रूम्बा आणून ही मशीन्स घरोघरी पोचवणारी अमेरिकेतली आयरोबोट. तिला विकत घ्यायचा ॲमेझॉनचा करार जानेवारी २०२४ मध्ये मोडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढ्या नावाजलेल्या कंपनीवर ही वेळ येते. तेव्हा मशीन चालवायचं फोनवरचं ॲप बंद पडलं तरी मशीनवरच्या बटणाने झाडता येतं का, हे दुकानातच करून पाहा. नाशिकच्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती होते की मशीन कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं, तेही लेखी घ्या. बॅटरी आणि ब्रश सुटे मिळतात का आणि कितीला, हे बिल करण्याआधी विचारा. मी ऑनलाइनपेक्षा पाचशे-हजार जास्त देऊन गावातल्या दुकानातून घेईन, तक्रार घेऊन जायला समोर माणूस असतो.

जाण्याआधी मोजपट्टीने सगळे उंबरे आणि सोफ्याखालची उंची मोजून ठेवा. कुठे काळी ग्रॅनाइटची पट्टी असेल तर तिचा फोटो न्या. मशीनचे खालचे सेन्सर फरशीवरून परतणाऱ्या प्रकाशावर चालतात. काळ्या दगडावरून तो नीट परतत नाही, मग मशीन तिथे खड्डा समजून मागे फिरतं. दुकानदाराला काळ्या फरशीवरच चालवून दाखवायला सांगा.