दोन वह्या वेगळ्या ठेव

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा चिडचिड झाली. सहा वर्षं सामाजिक संस्थेत काम केलंस, बरोबरीची माणसं पगारात कुठल्या कुठे गेली, आणि आता तू दोन्ही बाजूंनी स्वतःला झोडपते आहेस. या कामात आलेच कशाला, म्हणून एकदा. आणि सोडायचा विचार मनात येतोच कसा, म्हणून पुन्हा एकदा. अगं, दोन्हीतला एक तरी आरोप निवड. काम फुकट गेलं असेल तर ते सोडण्याचं पाप कसलं?

काम मोलाचं आहे की नाही यावर आपण दोघींनी बोलायची गरजच नाही. मला एकच सांगायचंय. कामाच्या समाधानाची वही वेगळी आणि पगाराची वही वेगळी. एकीतली तूट दुसरीतून भरायची नाही. 'पगार कमी आहे, पण समाधान आहे ना' हे वाक्य तू पत्रात चार ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंयस. घरमालक समाधान घेत नाही.

हे फक्त आपल्याच क्षेत्रात चालतं असं समजू नकोस. अमेरिका-कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत जनावरांची देखभाल करणाऱ्यांवर २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसं बहुतेक पदवीधर, काम घाण उपसण्याचं, पगार तुटपुंजा. ज्यांना हे आपलं जीवितकार्य वाटत होतं त्यांना कामात खोल अर्थ सापडत होता. आणि पैशावर, वेळेवर, सुखावर पाणी सोडायलाही तेच जास्त तयार होते. वरिष्ठ आपल्या या ओढीचा फायदा घेतायत की काय, ही शंकाही त्यांनाच जास्त. ती शंका तुझ्याही पत्रात आहे, फक्त तू तिला कृतघ्नपणा म्हणतेस. कृतघ्नपणा नाही तो. डोळे उघडे असण्याचं लक्षण आहे.

पगार कमी का, हे तुला माहीत असायला हवं होतं. अंदाजपत्रक तूही बनवलंयस. देणगीदाराला वाटतं, आपला पैसा थेट गरजूच्या हातात पडावा. तो हात गाठायला माणूस लागतो आणि त्या माणसालाही घर असतं, हे त्याला 'प्रशासकीय खर्च' वाटतं. निधी प्रकल्पाला मिळतो, माणसाला नाही, म्हणून प्रकल्प संपला की पदही संपतं. अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या आणि त्या जोखणाऱ्या तीन मोठ्या संघटनांनी २०१३ साली एक जाहीर पत्र काढलं. प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेचं काम मोजू नका, असं त्यांनी दात्यांना सांगितलं. इतक्या उशिरा, आणि तेही अशी आकडेवारी वर्षानुवर्षं लोकांपुढे ठेवणाऱ्यांनीच! तरी काटकसर म्हटली की पहिली कात्री आजही पगारावरच चालते. तुझा पगार या गणितातून आला आहे, तुझ्या लायकीतून नाही. पुन्हा सांगते, दोन वह्या.

मी स्वतः चाळिशी उलटल्यावर बाहेर पडले, हे तुला ठाऊक आहेच. एका कंपनीत मालवाहतुकीचं नियोजन बघायला लागले. जुने सहकारी म्हणाले, विकली गेली. एकीने तर बोलणंच टाकलं. बाहेर पडल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. सलतं ते एवढंच, की त्याआधीची कितीतरी वर्षं पगारवाढीच्या बैठकीत मी मान खाली घालून बसत होते आणि घरी येऊन मात्र फणफणत होते. आणि एक ऐकून ठेव. बाहेर पडल्यावर मी संस्थेला जितकी देणगी दिली, जितके हिशोब फुकट तपासून दिले, तितका उपयोग आत राहून झाला नसता. मी स्वतःचं समर्थन करतेय असं तुला वाटेल. वाटू दे. करतेच आहे.

आता पैशांचं. तू लिहिलंस, 'पैसे नंतरही कमावता येतील.' कमावता येतील, पण वेळ कुठून आणशील? वर्षाला ८ टक्के चक्रवाढ धरली तर पंचविसाव्या वर्षी बाजूला ठेवलेल्या एका रुपयाचे साठीला जवळजवळ पावणेपंधरा होतात. तोच रुपया पस्तिसाव्या वर्षी ठेवला, तर सातसुद्धा होत नाहीत. म्हणून घाबरून जाऊ नकोस, पण 'नंतर' हा शब्द इतका स्वस्तात वापरू नकोस.

आणि वर ती दोन वर्षांची पदवी घ्यायचं म्हणतेयस! कर्ज काढून? कशासाठी? तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुला शिकायचं नाहीये, प्रायश्चित्त घ्यायचंय. जी नोकरी हवी ती त्या पदवीशिवाय मिळतच नसेल, तर जरूर घे. पण तुला कुठली नोकरी हवी हेच अजून माहीत नाही. सहा वर्षांत तू निधीचे प्रस्ताव लिहिलेस, खर्चाचा ताळमेळ लेखापरीक्षकासमोर मांडलास, सर्वेक्षणं उभी केलीस, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या लोकांना एका खोलीत बसवलंस. बाहेर या प्रत्येक कामाला वेगळं नाव आणि वेगळा पगार आहे. अर्जात 'समाजसेवा' लिहू नकोस. किती रकमेचा प्रकल्प, किती माणसं हाताखाली, किती मुदतीत पूर्ण, ते लिही.

मुलाखतीत आधीचा पगार विचारतील. तिथे घसरू नकोस. जुना आकडा सांगितलास की नवा त्यालाच चिकटतो आणि कमी पगार पुढच्या नोकरीतही मागे मागे येतो. हे इतकं सर्रास चालतं, की अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१८पासून नोकरी देऊ करण्याआधी हा प्रश्न विचारायलाच कायद्याने बंदी केली. तुझ्या मदतीला असा कायदा येईल न येईल. तू शांतपणे म्हण, 'या पदाचा बाजारातला पगार अमुक आहे, माझी अपेक्षा तेवढी आहे.' आणि गप्प बस. पुढची शांतता भरून काढायची घाई तुला होईल, मला माहितीये. गप्पच बस.

हे सगळं वाचून तू म्हणशील, ताई मला सोडायलाच सांगतायत. नाही सांगत. तुझ्याच संस्थेत आकडा लिहून पगारवाढ माग. मिळाली तर राहा. जास्त पगार देणाऱ्या दुसऱ्या संस्था आहेत, सरकारी योजना आहेत, संशोधनाची कामं आहेत, तिथेही बघ. राहिलीस तरी माझी हरकत नाही. फक्त पगाराची वही उघडून, बेरीज बघून राहा. ती न उघडता राहिलीस तर पुन्हा असलं पत्र मला लिहू नकोस. (लिहिशीलच, आणि मी उत्तर देईनच. पण चिडून.)

निघालीस तर धडाधड दार आपटून निघू नकोस. कामाची नोंद नीट लिहून ठेव, ज्यांच्याशी जोडलेली आहेस त्यांना स्वतः सांग. काही महिन्यांचा घरखर्च आधी जमव. हातात पैसे नसले की माणूस पहिल्या नोकरीला हो म्हणतो.

सध्या एवढंच कर. तुला हवंसं वाटणारं काम आज करणाऱ्या तीन माणसांना गाठ. त्यांचा दिवस कसा जातो, पगार किती, पदवी खरंच लागली का, हे विचार आणि मला कळव. पदवीच्या अर्जाची मुदत तोवर संपली, तर संपू दे.

तुझी,
ताई